जीपचं कोटिंग आणि जावयाची आंघोळ

न्हाणीघरात माणूस घसरून पडला, तर उठतो, कंबर चोळतो, कुणी पाहिलं तर नाही ना याची खात्री करून घेतो आणि संध्याकाळपर्यंत विसरून जातो. पण पडणारा जावई असेल, तोही दिवाळसणाला आलेला, अंगाला तेल लावलेला, आणि दाराबाहेर ओवाळायला बाया ताटं घेऊन उभ्या असतील, तर मग त्या पडण्याची हकीकत होते. राधाकिशन मस्के सरांच्या वडवणीतल्या न्हाणीत त्यांचे एकुलते एक जावई विजयसिंहराव असे काही पडले, की ते स्वतः एसटीने अंबाजोगाईला पोचायच्या आत त्यांच्या माकडहाडाची खबर तिकडे पोचलेली होती.

मस्के सर हायस्कुलात विज्ञान शिकवत. त्यातही घर्षण हा त्यांचा हातखंडा धडा. टेबलावर लाकडी ठोकळा ओढून, मग त्याच टेबलावर तेल सांडून पुन्हा ठोकळा ओढून, घर्षण नसेल तर जगाचं काय होईल हे ते पोरांना इतकं रंगवून सांगत की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी राहत. अशा माणसाच्या घरी घर्षणाअभावी जावई पडावा, हे सरांच्या जिव्हारी लागलं होतं. वास्तविक त्या शहाबादी फरशीचा दोष किती आणि सरांचा किती, हा प्रश्नच आहे. बोअरचं खारट पाणी, साबण आणि तीन माणसांचे पाय यांनी वर्षानुवर्षं घासून ती फरशी इतकी गुळगुळीत झाली होती की घरची माणसं भिंतीला हात लावल्याशिवाय आत जात नसत. जावयाला हे सांगायचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पण खरं दुःख फरशीचं नव्हतंच. विजयसिंहरावांच्या मातोश्री चंद्रभागाबाई यांना गोष्ट सांगायची हौस आणि सांगायची कलाही होती. घरी कुणीही पाहुणा आला, पान वाढलं, की भाजी पुढे करता करता त्या पोराच्या पडण्याची गोष्ट काढत. आरोहीने, म्हणजे सरांच्या लेकीने, पहिल्यांदा हे फोनवर हसत सांगितलं. दुसऱ्यांदा ती हसली नाही. नंतर तिने सांगणंच बंद केलं. दिवाळीनंतर ती माहेरी आली ती फक्त एका लग्नापुरती, आणि तेव्हाही मांडवातूनच परत गेली. सर ही गोष्ट कुणाला बोलून दाखवत नसत, पण ती त्यांना जेवताना घास गिळू देत नव्हती.

आणि अशात ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. जावयाला आणि लेकीला बोलवायचं, तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, लक्ष्मीनारायण म्हणून पाय धुवायचे, धोंडे आणि अनारसे खाऊ घालायचे, हे काही टाळता येण्यासारखं नव्हतं. सरांनी रीतीप्रमाणे विहीणबाईंना फोन लावला. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "येतेत की. मीबी येते संगं. पोराला एकट्याला तुमच्या न्हाणीत धाडायचं म्हंजी जिवाला घोर हाय." आणि त्या मनापासून हसल्या. सरही हसले. फोन ठेवल्यावर त्यांनी पायात चप्पल घातली, अंगणात गेले, परत आले, पुन्हा गेले. सत्यशीलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकदा बसा तरी, असं सांगितलं. सर बसले आणि लगेच उठले.

तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. आधी गवंडी आणला. त्याने फरशीवर हातोडीने टकटक केलं, कान लावला, आणि सगळं उकरावं लागेल, खाली पाइप आहे, पाइप निघाला की भिंत निघेल, असं सांगून तो कुणाच्या तरी हळदीला गेला तो परत उगवला नाही. मग गल्लीने सल्ले द्यायला सुरुवात केली. शेजारचे रामकिसन एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले होते आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर ब्रेक कधी दाबायचा हे आपल्यालाच कळतं असं त्यांचं मत होतं. त्यांनी फरशीवर बारदान अंथरायला सांगितलं. कुणी अॅसिड ओता म्हणालं, कुणी वाळू-सिमेंटचा गिलावा सुचवला. एका बाईने हा फरशीचा नाही तर नजरेचा प्रकार आहे असं ठरवून दाराला लिंबू-मिरची बांधूनही टाकली. शेवटी रामकिसन म्हणाले, "सर, एवढं कावून डोक्याला लावून घेता? अंगणात लिंबाखाली पाट टाका, चार बादल्या वता, झालं."

सरांना हा सल्ला फार लागला. स्वतःच्या घराला न्हाणी असताना बँकेत नोकरी करणारा जावई झाडाखाली उघड्यावर न्हाऊ घालायचा, आणि तोही विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत. म्हणजे पुढची पाच वर्षं अंबाजोगाईत जेवणाच्या पंगतीला दुसरा विषयच नको. त्यांनी रामकिसनांशी त्या दिवशी बोलणं टाकलं, अर्थात संध्याकाळच्या चहापर्यंतच.

याच अस्वस्थपणात ते स्कूटरचं पंक्चर काढायला ख्वाजाच्या गॅरेजवर गेले. ख्वाजा बीड रोडला जीप-टेम्पोची कामं करी आणि त्याच्याइतका आशावादी मिस्त्री तालुक्यात दुसरा नसेल. इंजिन उघडायच्या आधीच तो गाडी ठीक झाली असं सांगून टाकी. त्या दिवशी त्याने एक जीप चढावर लावली होती आणि तिच्या पोटाला ब्रशने काळं, दाट, रबरासारखं काही फासत होता. खालून खडी उडून पत्रा सडू नये म्हणून हे कोटिंग मारतात, एवढं त्याने सांगितलं. सरांनी जीपच्या वाळलेल्या बाजूवर हात फिरवला. हाताला ते खरखरीत लागलं. त्यांनी बोट दाबून ओढून पाहिलं. बोट जागचं हललं नाही. शास्त्रज्ञाला होतो तो आनंद मस्के सरांना पंक्चरच्या रांगेत उभं राहून झाला.

"ख्वाजा, हे फरशीला बसंल का?"

ख्वाजाने आजवर फरशीला काही फासलं नव्हतं. पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. "का न्हाई बसनार सर? वीस टनाची गाडी चिखलातून जाती तरी निघत न्हाई. मानसाच्या पायानं काय हुतंय त्याला? काय फिकर करू नका, मी सोता येतो."

तो आला, आणि पद्धतशीरपणे आला. फरशी घासली, पुसली, आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत एक हात मारला. मग मागे सरून पाहिलं, समाधान झालं नाही, म्हणून आणखी एक जाड हात मारला. सत्यशीलाबाई भाजी निवडता निवडता उठून आल्या, दारातून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही न्हाणी हाय का विहिरीचा तळ?" सरांनी त्यांना सौंदर्य आणि सुरक्षितता यांतला फरक समजावून सांगायला सुरुवात केली, तोवर त्या भाजीकडे परत गेल्या होत्या.

आता प्रश्न वाळण्याचा. ख्वाजाच्या सांगण्याप्रमाणे गाडी दिवसभर उन्हात लावली की कोटिंग पक्कं होतं. न्हाणीघर उन्हात लावता येत नाही, ही अडचण दोघांच्याही आधी लक्षात आली नव्हती. सरांनी खिडकी उघडी टाकली, टेबलफॅन लावला, सकाळ-संध्याकाळ उंबऱ्यावर उकिडवं बसून कोटिंगकडे पाहत राहू लागले. नुसतं पाहवेना म्हणून बोट लावून बघत. बोटाला काळं लागे आणि फरशीवर खळगा पडे. बघता बघता दाराजवळचा सगळा भाग खळग्यांनी भरला. मांजर आलं असावं, असं सरांनी सत्यशीलाबाईंना सांगितलं. त्यांनी सरांच्या बोटाकडे पाहिलं.

तोवर घरची आंघोळ रामकिसनांकडे होऊ लागली. खांद्यावर टॉवेल, हातात बादली आणि साबणाची डबी घेऊन सर गल्ली ओलांडत. सुट्टीचे दिवस, त्यामुळे गल्लीतली पोरं खेळत असत. ती अदबीने बॅट काखेत घेऊन "नमस्कार सर" म्हणत आणि सरांना एका हाताने लुंगी सावरत दुसऱ्या हातातल्या बादलीसकट नमस्कार करावा लागे. आत गेल्यावर बाहेर रामकिसनांचा आवाज ऐकू येई. कुणी पाहुणा आला की ते मोठ्याने सांगत, की आत मस्के सर हायेत, त्यांची न्हाणी कलरला दिलीय. सर मग अंगाला साबण तसाच ठेवून आवाज न करता उभे राहत.

एवढ्यावर भागलं असतं, पण नळाला पाणी यायची पाळी जवळ आली. उन्हाळ्यात त्या भागात पाणी मोठ्या अंतराने येतं आणि कधीही येतं. सरांच्या घरचा नगरपंचायतीचा नळ न्हाणीतच होता आणि त्याची तोटी झिजून कधीच निकामी झालेली होती. पाणी आलं की ते थेट ओल्या कोटिंगवर पडणार. सर खूप येरझारा घालून शेवटी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले. तिथे मुंजाजी नावाचे जुने लिपिक होते. सरांनी आपलं म्हणणं नम्रपणे मांडलं, की आमच्या गल्लीची या वेळची पाळी जरा पुढे ढकलता आली तर बरं होईल.

मुंजाजींनी चष्मा काढला. त्या खुर्चीवर बसून त्यांनी रिकामे हंडे पाहिले होते, मोर्चे पाहिले होते, शिव्या ऐकल्या होत्या, पण हे त्यांच्या कानांना नवीन होतं. "सर, परत एकदा सांगा. पाणी नको म्हणता?" सरांनी परत सांगितलं. मुंजाजींनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावलं आणि सरांना तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग फार सहानुभूतीने म्हणाले, की पाणी द्या म्हणून अर्ज करायची सोय आहे, नको म्हणून करायची सोय सरकारने अजून केलेली नाही. तरी गल्लीतल्या सगळ्यांच्या संमतीच्या सह्या आणल्या तर साहेबांपुढे ठेवून बघतो. चहा मागवू का, असंही त्यांनी विचारलं. सरांची तब्येत बरी नसावी असा त्यांचा समज झाला होता.

सर घरी पोचायच्या आत गल्लीला कळलं होतं, की मस्के सर आपलं पाणी बंद करायला गेलते. अंगणात बाया जमल्या होत्या. एकीने सरांच्या हातचा मार खाऊन आपला पोरगा दहावी पास झाला, नाहीतर आज काय बोलले असते ते बोलले असते, असं सांगून बरंच काही बोलून घेतलं. सरांनी आयुष्यात कधी एवढी माफी मागितली नव्हती. सह्यांचा विषय त्यांनी काढलाच नाही. त्याऐवजी चिंध्यांचा बोळा करून तो नळाच्या तोंडात ठोकला आणि वरून सायकलच्या ट्यूबने आवळून बांधला.

पाणी दुपारी आलं. आधी नळातून हवा घुसमटल्याचा आवाज आला, मग बोळा उडून समोरच्या भिंतीला लागला. सर धावले. कोटिंगवर पाय द्यायचा नव्हता, म्हणून ते उंबऱ्यावर उभे राहून आडवे झाले, एका हाताने खिडकीचा गज धरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा नळाच्या तोंडावर दाबला. त्या अवस्थेत ते सत्यशीलाबाईंना हाका मारत राहिले. बाई रामकिसनांकडे पळाल्या, रामकिसन पाइप शोधायला गच्चीवर गेले, गल्लीतल्या बाया पाणी भरायचं सोडून दारात जमल्या आणि तळव्याच्या फटीतून उडणारं पाणी सरांच्या चष्म्यावरून ओघळत राहिलं. पाइप आला, तोवर गल्लीच्या मनातला राग निघून गेला होता. सरांना त्या स्थितीत पाहिल्यावर राग टिकणं शक्यही नव्हतं.

पण गंमत अशी, की एवढं पाणी पडून कोटिंगला काही झालं नाही. उलट ते अधिकच घट्ट झाल्यासारखं वाटलं. आणखी काही दिवसांनी बोटाला काळं लागेनासं झालं. मग रीतसर परीक्षा घेण्यात आली. सर पाणी ओतून चालले. साबण लावून चालले. रामकिसन कपडे धुवायची पावडर टाकून चालले आणि हे तर परळीच्या घाटापेक्षा भारी धरतंय म्हणाले. ख्वाजाने तर पँट गुडघ्यापर्यंत वर करून साबणाच्या फेसात उड्या मारल्या. गल्लीतली माणसं एकेक करून येऊन चालून गेली आणि सत्यशीलाबाई दारात उभ्या राहून सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावत राहिल्या. सरांनी त्या दिवशी उंबऱ्यावर उभं राहून घर्षणाचा अख्खा धडा म्हणून दाखवला. मग लेकीला फोन करून सांगितलं, "या बाई बिनघोर. हत्ती न्हाऊ घातला तरी घसरायचा न्हाई."

ठरल्या दिवशी मंडळी आली. चंद्रभागाबाई दाराच्या पायऱ्या चढता चढता म्हणाल्या, की पोराला हेल्मेट घालून आणणार होते, पण गडबडीत राहिलं. विजयसिंहराव ओशाळून हसले. आरोही हसली नाही. तिने वडिलांकडे पाहिलंही नाही, सरळ स्वयंपाकघरात आईकडे गेली. पण आज सगळं फिटणार होतं, याची त्यांना खात्री होती.

सत्यशीलाबाईंनी न्हाणीत आपला माहेरचा सागवानी पाट मांडला. त्याभोवती रांगोळी काही काढता आली नाही, कारण काळ्या खरखरीत जमिनीवर ती खड्ड्यांत जाऊन बसत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, तरी अभ्यंगाला कढत पाणीच पाहिजे, म्हणून बंब पेटवलेला होता. आरोहीने वाटीभर तिळाचं तेल कोमट करून नवऱ्याच्या पाठीला, हातांना, पायांना लावलं, उटणं चोळलं आणि ती बाहेर आली. विजयसिंहरावांनी दार लावून घेतलं. बाहेरच्या खोलीत चंद्रभागाबाई पंख्याखाली बसल्या होत्या. सर दारापासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि ऐकू लागले.

आतून तांब्याचा आवाज येत होता. पाणी पडत होतं. धप्प असा आवाज आला नाही. सरांनी विहीणबाईंकडे पाहिलं. आणखी पाणी पडलं. मग पाणी थांबलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. सर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. मग आतून अगदी हळू आवाजात जावई म्हणाले, "मामा, जरा आत येता का? एकटेच या."

सर आत गेले. विजयसिंहराव टॉवेल गुंडाळून पाटावर बसले होते. ते घसरले नव्हते. घसरायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना हलताच येत नव्हतं. तेलाचं आणि कढत पाण्याचं मिळून पाटाखाली तळं साचलं होतं आणि त्याच्यात ते काळं कोटिंग लोण्यासारखं मऊ झालं होतं. त्यात जावयांचे दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यांपर्यंत रुतले होते. त्यांनी एक पाय उचलायचा प्रयत्न केला तेव्हा त्याच्याबरोबर काळी तार निघाली आणि पाय परत खाली गेला.

पाण्याची परीक्षा झाली होती, साबणाची झाली होती, पावडरीची झाली होती. गल्लीतली निम्मी माणसं चालून गेली होती. पण तेल लावून कोण चाललं होतं? तेलाची आंघोळ माणूस करतो ती सणावारी, आणि ती करायला तर जावयाला बोलावलं होतं. टेबलावर तेल सांडून वर्षानुवर्षं धडा शिकवणाऱ्या मस्के सरांना हे आत्ता, त्या न्हाणीत उभं राहून, जावयाच्या पायांकडे बघताना आठवलं. त्यांना आधाराला भिंतीला हात लावायचा होता, पण हातही चिकटेल की काय असं वाटून त्यांनी तो मागे घेतला.

"मामा, आईला कळू देऊ नका," विजयसिंहराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते गोष्टीच्या दुसऱ्या भागाला भीत होते, एवढं सरांना कळलं. त्या क्षणी सासरा आणि जावई दोघं एकाच बाजूला होते. सरांनी त्यांना काखेत हात घालून ओढलं. बरीच झटापट झाली आणि शेवटी जावई सुटले. पाट मात्र सुटला नाही. तो जमिनीत बसला तो बसलाच.

पण लपवायचं कसं? जावई लुंगी नेसून बाहेर आले आणि न्हाणीपासून बैठकीपर्यंत काळी पावलं उमटत गेली. चंद्रभागाबाईंनी त्या पावलांकडे पाहिलं, मग पोराच्या पायांकडे पाहिलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्याच वेळी सरांनी न्हाणीतूनच फोन करून बोलावलेला ख्वाजा समोरच्या दारातून डिझेलचं कॅन आणि फडकं घेऊन आत आला. मागच्या दाराने ये असं सांगायचं सरांचं राहून गेलं होतं. ख्वाजाने सगळ्यांना सलाम केला, पाय पाहिले आणि न्हाणीत डोकावून आला. बाहेर आल्यावर त्याच्या आशावादी चेहऱ्यावर पहिल्यांदाच विचार दिसला. "सर, जीपला कुनी तिळाचं तेल लावून आंघुळ घालत न्हाई," तो म्हणाला. "हे मला कवा ध्यानातच आलं न्हाई."

पाद्यपूजेसाठी पितळेची परात तयारच होती. तीच पुढे ओढली. विजयसिंहरावांना खुर्चीवर बसवलं, त्यांचे काळे पाय परातीत ठेवले, आणि पाण्याऐवजी डिझेल ओतून मस्के सर गुडघ्यांवर बसून फडक्याने पाय पुसू लागले. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्याने जावयाचे पाय धुवायचेच असतात. अशा रीतीने धुवायला लागतील असं मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. खोलीत डिझेलचा वास पसरला. रामकिसन दारात येऊन उभे राहिले. आरोही स्वयंपाकघराच्या दारात होती. तिचे डोळे भरलेले पाहून सरांच्या हातातलं कापड थांबलं.

"विहीणबाई," ते मान वर न करता म्हणाले, "दिवाळीला हे पडले, तवापासनं मला झोप न्हाई. म्हणून हे येडपटासारखं करून बसलो. आता हसा, किती हसायचं तितकं हसा. पण माझ्या पोरीपुढं जेवताना सांगू नका. तिला घास गिळत न्हाई, आन् ती माझ्या घरी यायची बंद झाली."

पंखा फिरत राहिला. विजयसिंहराव एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिले. चंद्रभागाबाई उठल्या. पदर खोचला. सरांना वाटलं, आता निघाल्या. पण त्या परातीशेजारी येऊन खाली बसल्या आणि सरांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"डिझेल कावून लावता? कातडं जाईल पोराचं," त्या म्हणाल्या. "आरोही, गोडंतेल आन. बारका हुता तवा रोज रस्त्याच्या डांबरात पाय बुडवून यायचा ह्यो. गोडंतेल लावून म्याच पुसायची. ह्यो पाय तुमी घ्या, त्यो मला द्या."

ज्या तेलाने घात केला, तेच उरलेलं तिळाचं तेल आलं. आरोहीने वाटी ठेवली आणि तीही खाली बसली. बोटांच्या बेचक्यांतलं काळं तिने काढलं. एक पाय सासरा, एक पाय आई, बेचक्या बायको, अशी विजयसिंहरावांची पाद्यपूजा झाली. मध्येच चंद्रभागाबाईंचे खांदे हलायला लागले. त्यांनी खूप आवरलं, पण त्यांचं हसू फुटलंच. मग विजयसिंहराव हसले, मग सत्यशीलाबाई, आणि आरोही इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले आणि गालाला काळं लागलं. सर तेवढे हसत नव्हते. ते लेकीकडे बघत होते.

जेवताना चंद्रभागाबाईंनी काही सांगितलं नाही. धोंडे मात्र मागून मागून खाल्ले.

पाट निघाला नाही. ख्वाजाने पहार आणली, गरम पाणी टाकलं, डिझेल टाकलं, पाटाची एक कड तुटली तेव्हा सत्यशीलाबाईंनी त्याला घरी जायला सांगितलं. उन्हाळा सरला, कोटिंग पुन्हा दगडासारखं कडक झालं आणि पाट न्हाणीच्या मधोमध पक्का बसला. घरातली माणसं आता त्याच्यावर बसूनच आंघोळ करतात. बैठकीतली काळी पावलं सत्यशीलाबाईंनी घासून काढली, पण दारापाशी एक पाऊल राहिलंच. त्याच्यावर सणाला त्या हळदकुंकू वाहतात आणि विचारलं तर काही सांगत नाहीत.

दिवाळीच्या आधी आरोहीचा फोन आला. सरांनी धीर करून विचारलं, की विहीणबाई काही बोलतात का अजून.

"रोज सांगतेत," आरोही म्हणाली. "आल्यागेल्याला पान वाढलं की सुरू. पण आता त्या गोष्टीत त्याबी हायेत की, आण्णा. शेवट कायम एकच, एक पाय म्याच पुसला म्हणून."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आन् लोक?"

"लोक लई हसतेत. मीबी हसते. आन् आण्णा, आमी चार दिवस आधी येतोय. ह्यांनी विचारलंय, पाट हाय ना जागेवर? ह्यांना त्याच्यावरच बसायचंय."

सरांनी हो म्हटलं, फोन ठेवला आणि नेहमीसारखे येरझारा घालायला उठले. पण दोन पावलं टाकल्यावर त्यांना कुठे जायचंच आठवेना. मग ते न्हाणीत गेले आणि कपड्यांनिशी त्या पाटावर जाऊन बसले. सत्यशीलाबाईंनी बाहेरून विचारलं, आत काय करताय. काही नाही, नुसता बसलोय, असं सर म्हणाले.

आणि ते खरोखरच बराच वेळ बसून राहिले.